हर्ण्याची वल्ही

हर्ण्याच्या उत्तरेला, पाजपंढरी ओलांडली की आंजर्ल्याची खाडी समुद्राला मिळते. डिसेंबरातल्या एका दुपारी साडेचारच्या सुमारास त्या मुखाशी मी हवा भरलेल्या एका फळीवर उभा होतो. तोंड जमिनीकडे, हातात लांब दांड्याचे वल्हे, आणि वल्हे मारतो आहे तरी किनारा लांब लांब चाललेला. फळी भाच्याने पुण्याहून आणली होती. पॅडलबोर्ड म्हणतात तिला. पुण्याजवळच्या धरणाच्या पाण्यात मी तिच्यावर चार-पाचदा उभा राहिलो होतो आणि आपल्याला हे जमते अशी माझी समजूत झाली होती. धरणाचे पाणी जागचे हलत नाही, हे तेव्हा लक्षात आले नव्हते.

पाजपंढरीकडची एक होडी परतत होती. तीत दोघे होते. त्यातला वयस्कर ओरडला, ‘‘बसा खाली! उभं कशाला राहिलायत?’’ मी बसलो. बसल्याबरोबर वारा लागायचा कमी झाला आणि फळीचे डुलणेही. त्यांनी दोर टाकला आणि मला ओढून वाळूवर आणले. पैसे घेतले नाहीत. एकच विचारले, ‘‘आज तिथी कुठली?’’ मला सांगता आली नाही.

पौर्णिमेनंतरची द्वितीया होती. किनाऱ्यावरच्या माणसाचा भरतीचा हिशेब सोपा असतो. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचे, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. द्वितीयेला दीड. हिशेब ढोबळ आहे, बंदराबंदरानुसार मागेपुढे होतो, पण होडी काढायला पुरतो. दीडला भरती म्हणजे पावणेआठला सुकती. या सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत पाणी सर्वांत जोराने बाहेर पडते, आणि मी नेमका त्या दोन तासांत, पौर्णिमेच्या उधाणात, खाडीच्या तोंडावर उभा होतो. शिवाय दुपारचा खारा वारा समुद्राकडून येत होता. बाहेर जाणारे पाणी आणि आत येणारा वारा समोरासमोर भिडले की मुखाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. हे सगळे त्या माणसाने मला दोन वाक्यांत सांगितले. मला समजून घ्यायला नंतर दोन आठवडे लागले.

त्या संध्याकाळी हर्ण्याच्या वाळूवर लिलाव बघत बसलो होतो. मोठ्या होड्या बाहेर नांगरलेल्या, लहान होड्यांतून मासळी येते आहे, बैलगाड्या पाण्यात शिरून टोपल्या उचलताहेत, समोर सुवर्णदुर्ग काळा पडत चाललेला. त्या वेळी मनात आलेला प्रश्न साधा होता. या पाण्यात तीन-साडेतीनशे वर्षे कोण कोण वल्ही मारत आले? सुवर्णदुर्गावर जे छापलेले आहे त्यातले बरेचसे मी वाचले होते. तट, बुरूज, तोफा, किल्लेदार, तह सगळे होते. वल्हे मारणारा कुठे पाहिल्याचे आठवेना.

*

सुवर्णदुर्ग किनाऱ्यापासून जेमतेम पाव मैलावर आहे. किनाऱ्यावर त्याच्या समोर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. कनकदुर्गावर आज दीपगृह आहे, फत्तेगडावर कोळ्यांची वस्ती. म्हणजे एका जलदुर्गाला जमिनीवरच्या तीन किल्ल्यांचा आधार, आणि या चौघांना जोडणारे काय, तर पाणी आणि त्यावरून जाणारी होडी. धान्य, दारूगोळा, निरोप, माणसे, सगळे वल्ह्यावर जाणार. शिडाला इतक्या थोड्या अंतरात वावच नाही. कान्होजी आंग्र्यांचा उदय याच किल्ल्यावरून झाला असे परंपरा सांगते. किल्लेदार फितूर होऊ लागला आणि कान्होजींनी किल्ला हातात घेतला, अशी ती कथा. कथा खरी असो वा रंगवलेली, शत्रूचा वेढा असताना त्या बेटावर माणसे आणि शिधा पोचवणारे कुणीतरी होतेच. त्यांची नावे कथेत नाहीत.

आंग्र्यांच्या आरमारात दोन प्रकारची जहाजे मुख्य. गुराब मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, दीडशेपासून तीनशे टनांपर्यंतची. गलबत तिच्याहून लहान, क्वचितच सत्तर टनांच्या वर. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने या दोन्हींचे वर्णन केले आहे. त्याच्या इतिहासाचा पहिला खंड १७६३ साली लंडनला निघाला. गलबताला तो सरळ मोठी वल्ह्यांची होडीच म्हणतो. चाळीस ते पन्नास भक्कम वल्ही, आणि त्यांच्यावर ताशी चार मैल वेग. आंग्र्यांच्या मुख्य ताफ्यात आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबते असत, असेही तो सांगतो. वारा पडला की गलबते गुराबांना दोर लावून ओढत नेत.

गुणाकार करून पाहण्याचा मोह मला आवरला नाही. चाळीस गलबते, प्रत्येकी चाळीस वल्ही, म्हणजे सोळाशे. पन्नास आणि पन्नास धरले तर अडीच हजार. एका वल्ह्याला एक माणूस इतके काटकसरीने धरले तरी ताफा बाहेर पडला की दोन हजारांच्या आसपास माणसे एकाच वेळी वल्ही मारू शकत होती. ऑर्मचे आकडे गोळाबेरजेचे आहेत, हे मान्य. तो हर्ण्याला आला नव्हता. ज्या वर्षी सुवर्णदुर्ग पडला त्या वर्षी तो मद्रासेत कंपनीच्या कौन्सिलात होता. तरी आकडा निम्मा केला, पाव केला, तरी उरतात ती माणसे थोडी नाहीत. कोळी, भंडारी, खारवी, गाबीत, दालदी, कोकण किनाऱ्यावरच्या या जमातींतूनच ती आली असणार, कारण दुसरीकडून येण्यासारखी नव्हतीच. देशावरचा धारकरी घोड्यावर बसवता येतो, वल्ह्यावर नाही.

*

सुवर्णदुर्गाच्या इतिहासातले सर्वांत प्रसिद्ध प्रकरण १७५५चे. नानासाहेब पेशवे आणि तुळाजी आंग्रे यांचे फाटले होते. पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी हातमिळवणी केली. त्यांच्या बाजूने सूत्रे हलवत होते रामाजी महादेव. मार्च अखेर कमोडोर विल्यम जेम्स मुंबईहून निघाला. त्याच्याजवळ चव्वेचाळीस तोफांचे ‘प्रोटेक्टर’, त्याहून लहान ‘स्वॅलो’ आणि बाँबगोळे फेकणारी दोन जहाजे होती. पेशव्यांचे आरमारही बरोबर होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात किल्ला पडला. गोळ्यांनी आत आग लागली, दारूचे कोठार उडाले, जेम्सने खलाशी किनाऱ्यावर उतरवून दरवाजा कुऱ्हाडींनी तोडवला. पेशव्यांशी मैत्री राखून इंग्रजांनी शेजारचे बाणकोट मिळवले. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला आणि तिथे तुळाजींचे आरमार जळाले. पेशव्यांनी स्वतःच्या हाताने मराठी आरमार बुडवले, ही टीका आपल्याकडे शंभर वर्षे तरी चालू आहे. ती मला पटते, पण तो माझा आजचा विषय नाही.

माझे लक्ष त्या आधीच्या एका दिवसावर खिळले आहे. जेम्स आला तेव्हा तुळाजींचा ताफा सुवर्णदुर्गाच्या आसऱ्याला होता. तो दोर तोडून बाहेर पडला आणि दक्षिणेकडे, जयगडाच्या दिशेने निघाला. जेम्सने पाठलाग केला. ऑर्म लिहितो की वारा मंद होता. पळणाऱ्यांनी ओझे कमी करायला जड सामान समुद्रात फेकले आणि वाऱ्याची झुळूकसुद्धा वाया जाऊ नये म्हणून अंगावरचे कपडे, अंथरुणे, डोक्यावरची पागोटीदेखील पसरून बांधली. पेशव्यांचे आरमार पाठलागात मागे राहिले. संध्याकाळ झाली, जेम्सने नाद सोडला आणि तो परतून किल्ल्याकडे वळला.

इंग्रजी पुस्तकांत हा प्रसंग भित्र्या पळाचा म्हणून येतो, पागोट्यांचा तपशील हमखास गमतीने दिला जातो. मराठी पुस्तकांतही बहुधा त्याचीच री ओढलेली असते. मला तो तसा वाटत नाही. एप्रिलमध्ये या किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून मतलई वारा येतो, दहा-अकराला तो पडतो, मग काही वेळ पाणी आरशासारखे असते आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा सुरू होतो. उंच डोलकाठ्यांच्या युरोपीय जहाजाला मंद वाऱ्यात वर मिळणारी झुळूक पकडता येते. गुराबांना ते तितके जमत नाही, पण त्यांच्याकडे गलबते असतात, आणि गलबतांकडे वल्ही. हर्णे ते जयगड सागरी अंतर साधारण पंचावन्न किलोमीटर. ऑर्मच्याच ताशी चार मैलांनी ते कापायला साडेआठ तास लागतील, आणि तेही मागे कुणाला ओढत नसताना. पागोटी बांधणारे हात मोकळे होते. ज्यांचे हात मोकळे नव्हते, ते वल्ह्यांवर असणार. हा माझा तर्क आहे, कागद नाही. पण त्या दिवशी चव्वेचाळीस तोफांच्या जहाजाच्या हाती ताफा लागला नाही, एवढे ऑर्मही सांगतो. किल्ला गेला, ताफा सुटला, आणि तो सुटला त्याचे श्रेय नोंदायचे तर कुणाच्या नावावर नोंदायचे, हे ठरवायला आपल्याजवळ एकही नाव नाही.

जेम्सच्या नावाची मात्र चोख नोंद आहे. लंडनला शूटर्स हिलवर त्याच्या विधवेने १७८४ साली त्याच्या स्मरणार्थ त्रिकोणी मनोरा बांधला. त्याचे नाव ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’. सुवर्णदुर्गाचा इंग्रजी उच्चार तो. मनोरा अजून उभा आहे.

*

वल्हे मारणारा बसतो तेव्हा त्याची पाठ जायच्या दिशेकडे असते. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे नवल वाटत नाही. पाठीचा आणि पायांचा जोर लावायचा तर हाच मार्ग. मग पुढचे बघायला नाळेवर किंवा सुकाणूवर दुसरा माणूस लागतो, आणि वल्हे मारणारा त्याच्या आवाजावर चालतो. गलबतावर हेच होते. तोंड पुढे करून वल्हवायचे तर उभे राहावे लागते, किंवा खुंटीत न अडकवलेले, हातातले सुटे वल्हे घ्यावे लागते. हर्ण्यात लहान होडी घेऊन एकटाच जाणारा माणूस मी अनेकदा पाहिला आहे. मोठ्या बोटीपर्यंत जायचे असते, वाटेत नांगरलेल्या होड्या, दोर, तरंगते डबे असतात. तो उभा राहतो, तोंड पुढे करतो आणि दोन्ही वल्ही ओढण्याऐवजी ढकलतो. वेग कमी मिळतो, पण दिसते.

हीच गोष्ट अमेरिकेच्या वाळवंटात लोकांना फार महागात पडून समजली. मेजर जॉन वेस्ली पॉवेल १८६९च्या २४ मे रोजी ग्रीन रिव्हर गावातून चार होड्या आणि नऊ सोबती घेऊन कोलोरॅडो नदीच्या अज्ञात घळींत शिरला. यादवी युद्धात त्याचा उजवा हात गेला होता. होड्या बंदरातल्या धाटणीच्या, वल्हेकरी पाठमोरे. खडकांवरून कोसळणाऱ्या पाण्यात पाठ करून शिरायचे! एक होडी तर महिनाही उलटला नव्हता तेव्हाच फुटली. ऑगस्टअखेर दुसऱ्या टोकाला बाहेर आले ते सहा जण. पुढे १८९०च्या दशकात युटातल्या नेथॅनिएल गॅलोवे नावाच्या सापळे लावणाऱ्या शिकाऱ्याने होडीच फिरवली. मागचे टोक पुढे, तोंड प्रवाहाकडे, आणि वल्ही वेग वाढवायला नाही तर कमी करायला. त्यानंतर त्या नदीवरचे वल्हवणे बदलले. १९६३मध्ये ग्लेन कॅनियन धरणाचे दरवाजे बंद झाले आणि तिथे जो जलाशय साठला त्याला पॉवेलचेच नाव दिले. आज त्याच्यावर हौशी लोक फळ्यांवर उभे राहून फिरतात, आणि दुपारचा वारा सुटला की त्यांचीही माझ्यासारखी गत होते.

उभे राहून वल्हवण्याची ती फळी हवाईतून जगभर गेली. वाइकीकीच्या किनाऱ्यावर लाटांवर स्वार होणारे काही जण विसाव्या शतकाच्या मध्याला वल्हे घेऊन उभे राहत, आणि शतकाच्या शेवटी त्याचा खेळ झाला. पण ओंडक्यावर किंवा बोरूच्या भाऱ्यावर वल्हे घेऊन समुद्रात जाणे ही काही हवाईची मिरास नव्हे. पेरूच्या किनाऱ्यावरचे कोळी टोटोरा गवताच्या भाऱ्यावर स्वार होऊन फार जुन्या काळापासून जातात. आपल्या पूर्व किनाऱ्यावर तमिळ कोळ्यांचे कट्टुमरम, म्हणजे बांधलेले ओंडके, आहेच. इंग्रजीतला ‘कॅटामरान’ तिथूनच गेला.

कोकणात कट्टुमरम नाही. इथे उलांडी आहे. अरुंद खोदीव होडी पाण्यात कलंडते, म्हणून तिच्या एका बाजूला दोन आडव्या दांड्यांवर एक ओंडका जोडायचा. तो पाण्यावर तरंगत होडीला तोलून धरतो. उलंडणे म्हणजे कलंडणे, आणि उलांडी ते होऊ देत नाही. मद्रास इलाख्याच्या मत्स्य खात्यात काम केलेल्या जेम्स हॉर्नेलने १९२० साली भारतीय होड्यांवर मोठा निबंध लिहिला. पश्चिम किनाऱ्यावरची उलांडी बघून त्याला पॅसिफिक बेटांची आठवण झाली आणि फार पूर्वी तिकडचे दर्यावर्दी इथवर आले असावेत असा तर्क त्याने मांडला. तो तर्क वादाचा आहे. गरज सारखी असली की दोन ठिकाणी उपायही सारखा सुचू शकतो. पण त्याच्या निबंधाचे मोल तर्कात नाही. होडीची लांबी, लाकूड, दांड्या बांधायची पद्धत हे त्याने किनाऱ्यावर उभे राहून टिपले. आपल्या कुणाला ते सुचले नाही, याचे मला वैषम्य वाटते. गलबतांवर बखरकारांनी लिहिले, होडीवर कुणी लिहिले नाही.

*

वल्हे शिकण्याची इथली इयत्ता कशी होती, ते मी पाजपंढरी, हर्णे, आंजर्ले इथल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकत गेलो. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त आई श्यामला पोहायला धाडते ते विहिरीवर. पालगड आत, डोंगराकडे आहे, तिथे विहीरच. किनाऱ्यावरचे पोर खाडीत पडते. पहिली पायरी म्हणजे खाडीच्या आतल्या अंगाला, भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाण्याला ओढ कमी असताना. तिथे वल्हे नसतेच. बांबू असतो. तळ लागतो तिथे बांबू रोवायचा आणि होडी ढकलायची. यात पोराला पाय रोवून उभे राहणे समजते. माझी सुरुवात वल्ह्यापासून झाली, हीच चूक.

दुसरी इयत्ता तरीची. पूल व्हायच्या आधी आंजर्ल्याला जायचे ते तरीने. तर खाडी आडवी कापते, पण सरळ कधी जात नाही. ओहोटी असेल तर आधी काठाकाठाने, जिथे ओढ कमी तिथून, वरच्या अंगाला जायचे आणि मग पाण्याला तिरके धरून सोडायचे. पाणीच होडीला पलीकडच्या धक्क्यावर नेऊन टाकते. दाभोळ-धोपाव्यात २००३पासून मोटारींसह नेणारी फेरीबोट चालते. इंजिन आहे, तरी तीही ओहोटीत किंचित वरचा अंग धरून जाताना मी पाहिली आहे.

तिसरी इयत्ता बंदराची, आणि ती सगळ्यांत अवघड. मुंबईहून येणारी आगबोट हर्ण्याला धक्क्याला लागत नसे. बाहेर उभी राहायची. तिथपर्यंत उतारू आणि सामान न्यायचे ते पडावांतून. लाटेवर पडाव वर-खाली, बोटीची शिडी जागच्या जागी, आणि त्या दोहोंत एक क्षण असा येतो की दोघांची पातळी एक होते. त्या क्षणी माणसाने पाऊल टाकायचे. तो क्षण येईतो वल्ह्यांवरच्या माणसांनी पडाव बोटीपासून हातभर अंतरावर धरून ठेवायचा, आदळू द्यायचा नाही, लांब जाऊ द्यायचा नाही. जोर लागतोच, पण त्याहून जास्त लागते ते हात आवरणे. कोकणातल्या जुन्या आठवणींत बोटीची मळमळ आणि पडावाची भीती पानोपानी आहे. दापोली परिसरातल्या कितीतरी घरांतला पहिला मुंबईकर या पडावांतून गेला. त्याच्या यशाच्या कथा पुढे छापून आल्या, पडाववाल्यांच्या नाहीत.

चौथी इयत्ता दर्याची. तिथे एकट्या वल्ह्याला अर्थ नसतो. वारा पडला तर परत यायला वल्हे, एवढेच. ती शिकवता येत नाही असे मला सांगण्यात आले. तांडेलाबरोबर जायचे, आणि तो कधी ‘आज नको’ म्हणतो ते बघत राहायचे.

इंजिने आली आणि या इयत्ता तळापासून गळत गेल्या. याबद्दल हळहळणे सोपे आहे. वल्हे मारून ज्याचे खांदे साठीच्या आत निकामी झाले त्याला ती हळहळ ऐकवण्याचे धाडस मला झाले नाही. पाजपंढरीत मी ज्या-ज्या घरी वल्ह्यांचा विषय काढला तिथे बायका हसल्या. वल्हे गेले याचे त्यांना सुख आहे. पण इंजिनाबरोबर भरतीचा हिशेबही मोबाइलमध्ये गेला, आणि तो हिशेब नसलेले माझ्यासारखे लोक फळ्या घेऊन खाडीवर येऊ लागले. जुलै २०२५मध्ये सुवर्णदुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून. येणारे वाढतील, फळ्याही वाढतील.

यंदा मार्चमध्ये पुन्हा गेलो. मुद्दाम अष्टमी धरून, भांगाच्या पाण्यात, सकाळी खारा वारा सुटायच्या आधी. मला ओढून आणणाऱ्या त्या माणसाला घर विचारत जाऊन भेटलो. त्याच्या पडवीत आढ्याला दोन वल्ही अडकवलेली होती, खुंटीवर घासून मधोमध बारीक झालेली. ती उतरवून दाखवा म्हटले तर त्याने उतरवली नाहीत. वर जाळ्याची बोयरी ठेवली आहेत, ती पडतील म्हणाला. मग मी फळी घेऊन खाडीच्या आतल्या अंगाला गेलो. तो काठावर येऊन उभा राहिला आणि वल्हे माझ्या हातातून काढून घेऊन त्याने मला एक बांबू दिला.